फोटोताईचा चेहरा

तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि बहुतेक तिथंच राहिलं होतं. बाकी सगळ्या शहराला ती फोटोताई. काम एक्स-रे काढण्याचं. पण एक्स-रे असं तोंड भरून कोण म्हणतं? छातीचा फोटो, गुडघ्याचा फोटो, पडलेल्या आजोबांच्या खुब्याचा फोटो. आणि शहरात फोटो काढायची जागा एकच, त्यामुळे बावीस वर्षांत जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिच्या त्या थंडगार प्लेटला छाती लावून उभं राहिलेलं होतं. "श्वास घ्या. रोखा. सोडा." एवढं म्हणून झालं की तिचं काम संपायचं आणि खरा ताप सुरू व्हायचा.

घर ते सेंटर हा रस्ता सात मिनिटांचा. लहान शहराचा हा मोठा फायदा, दुपारी जेवायलासुद्धा घरी जाता येतं, असं तिचा नवरा कौतुकाने सांगायचा. त्याला टपाल कचेरीत जाळीमागे बसायचं असायचं, त्याला काय जातंय सांगायला! फोटोताईला ती सात मिनिटं पंचवीस मिनिटांत पार पडली तर नशीब. भाजीवाली वांगी तोलता तोलता तराजू खाली ठेवायची आणि गोणपाटाखालून नवऱ्याच्या मणक्याचा फोटो काढून उन्हाकडे धरायची. "ताई, हे पांढरं पांढरं काय आहे हो?"

"हाड आहे."

"एवढं?"

"डॉक्टरांना विचारा."

औषधाच्या दुकानात, बँकेच्या रांगेत, एकदा तर कुणाच्या तरी अंत्ययात्रेतून परतताना लोकांनी तिच्यापुढे फोटो धरले होते. ती कुणाला काही सांगायची नाही. फोटो काढणं आपलं काम, वाचणं डॉक्टरांचं, हा नियम होता आणि तो तिला मान्य होता. पण डॉक्टर, म्हणजे सेंटरचे मालक, सगळे फोटो साठवून सोमवारी आणि गुरुवारी वाचायचे. शुक्रवारी फोटो काढलेल्या माणसाने तीन दिवस काय करायचं? तो फोटोताईचं तोंड वाचायचा.

ती हसली की काही नाही. ती हसली नाही की काहीतरी आहे. ती मऊ आवाजात "सावकाश उतरा हं" म्हणाली की मग संपलंच, बाहेर बाकावर बसलेली बायको डोळ्याला पदर लावायची. म्हणून तिने हळूहळू चेहऱ्याची अगदी पाटी कोरी करून टाकली. कुणाशी गोड बोलायचं नाही, कुणावर चिडायचं नाही. नवरा म्हणायचा, "घरी आल्यावर तरी तो चेहरा काढून खुंटीला लाव." तिला त्यात काही विनोद वाटायचा नाही.

आणि एवढं जपूनही एका शनिवारी घात झालाच.

त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती. गणिताचे सर आले होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली, पण शहरातल्या निम्म्या लोकांना त्यांनी नापास केलेलं, त्यामुळे मान अजून शाबूत. दिवा बदलायला स्टुलावर चढले आणि पडले. फोटोताईने त्यांना उभं केलं, खांदे पुढे करायला लावले, बटण दाबलं. पडद्यावर चित्र उमटत असताना दाढेतून अशी एक कळ गेली की तिच्या तोंडून निघून गेलं, "अरे देवा!" आणि पाठोपाठ एक लांब सुस्कारा.

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर सरांची बायको बसली होती.

रविवारी सकाळपर्यंत बातमी नदीपलीकडच्या वसाहतीत पोहोचली होती. सरांना 'ते' झालंय. फुप्फुसात आहे. नाही, हाडात उतरलंय. फोटोताईला रडू आवरलं नाही म्हणे. सरांच्या घरी फळांच्या पिशव्या घेऊन माणसं येऊ लागली. एका जुन्या विद्यार्थ्याने पाय धरले आणि चाळीस वर्षांपूर्वी प्रश्नपत्रिका चोरल्याची कबुली दिली. वाचनालयाच्या चिटणिसांनी अदबीने विचारलं की सरांच्या पुस्तकांचं काय करायचं ठरलंय.

संध्याकाळी सर स्वतः फोटोताईच्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी, चेहरा परीक्षेला आल्यासारखा.

"हे बघ," ते म्हणाले, "तू माझी विद्यार्थिनी. मला फसवू नकोस. मी गणिताचा माणूस आहे, नक्की आकडा दिलास तर मला बरं वाटेल."

"कसला आकडा, सर?"

"किती दिवस आहेत ते सांग."

फोटोताईने कपाळाला हात लावला. बावीस वर्षांचा नियम तिने तिथंच मोडला. "सर, बरगडीला बारीकसा तडा आहे. तीन आठवडे."

"तीनच?"

"बरं व्हायला, सर! बरं व्हायला!"

सर उंबऱ्यावर मटकन बसले आणि बराच वेळ हसत राहिले. हसताना बरगडी दुखत होती म्हणून कण्हत राहिले. पण सोमवारी डॉक्टरांनी फोटोताईला आत बोलावून चांगलं सुनावलं. रिपोर्ट त्यांच्याआधी तिने सांगितला, म्हणजे मर्यादा ओलांडली. लोकांनी राईचा पर्वत केला त्याचं कुणाला काही नाही. खापर फुटलं तिच्या डोक्यावर. रस्त्यात लोक म्हणायला लागले, "काय ताई, उगाच घाबरवलंत सरांना!"

त्या आठवड्यात तिने दाढ काढून घेतली आणि मोठ्या शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात नोकरीसाठी अर्ज केला.

अर्ज तिने टपालाने पाठवला नाही. टपालाने पाठवायचा म्हणजे नवऱ्याच्या हातात द्यायचा, आणि नवरा कितीही भला असला तरी त्याच्या शेजारच्या खिडकीत बसणारा भला नव्हता. मोबाईलवरून कसाबसा भरला. मुलाखतीला बोलावलं तेव्हा "लेकीला भेटून येते" म्हणाली. लेक त्याच शहरात शिकायला होती, त्यामुळे थाप पचली. बसने साडेतीन तास.

मुलाखत घेणाऱ्या माणसाने तिला दोन प्रश्न विचारले आणि एकदाही मान वर केली नाही. तिला तो फार आवडला. इस्पितळात रोज तीनशे फोटो निघत. माणसं नंबराने येत, नंबराने जात. काढणाऱ्याला माहीत नाही कोण आला, येणाऱ्याला माहीत नाही कोणी काढला. कामाचे आठ तास भरले की कोट काढायचा आणि गर्दीत मिसळून जायचं. जाताना तिने मुद्दाम फुटपाथवर उभं राहून केळं खाल्लं. एकही माणूस म्हणाला नाही, "ताई, आज दुपारी घरी नाही गेलात जेवायला?" तिला इतकं हलकं वाटलं की तिने दुसरंही केळं घेतलं.

निवड झाली. फक्त नियमाप्रमाणे तपासणी करायची होती: रक्त, डोळे, छातीचा फोटो. फोटो काढणारी मुलगी पंचविशीतली होती. "श्वास घ्या. रोखा. सोडा. पुढचा." फोटोताईला मनातून कौतुक वाटलं. काय सफाई! चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

पाचव्या दिवशी, ती एका पैलवानाच्या मनगटाचा फोटो काढत असताना, मोबाईलवर निरोप आला. छातीच्या फोटोत उजवीकडे वरच्या बाजूला डाग. सीटी स्कॅन करून मगच पुढील विचार होईल.

तिने पैलवानाचं मनगट उलटं ठेवून फोटो काढला. पुन्हा काढावा लागला.

आता सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगायचं तर आधी नोकरीचं सांगावं लागणार. डॉक्टरांना सांगायचं तर तेच. शेजारच्या काकूंचं स्वयंपाकघर आणि हिचं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत, आणि काकूंना ऐकायला कमी येतं ते फक्त त्यांना कुणी काम सांगितलं तरच. बावीस वर्षं दुसऱ्यांची गुपितं पोटात ठेवलेली ही बाई, हिला स्वतःचं एक गुपित ठेवायला अख्ख्या शहरात जागा मिळेना. शेवटी पुन्हा "लेकीला भेटून येते". लेकीलाही काही सांगितलं नाही.

स्कॅनच्या दालनात तिचा नंबर दोनशे चौदा होता. तिथल्या तंत्रज्ञाने तिला झोपवलं, हात वर घ्यायला सांगितले, काचेमागे गेला. ती त्या यंत्राच्या बोगद्यातून आत-बाहेर होत होती आणि मान तिरकी करून काचेकडे बघत होती. त्याने भुवई उचलली का? तो शेजारच्याशी काय बोलला? ओठ का मिटले? त्याने खांदा खाजवला, त्याचाही तिने अर्थ लावला.

उतरताना तिने विचारलंच. "काही दिसलं का हो?"

"डॉक्टर सांगतील."

"मीही हेच काम करते. बावीस वर्षं. मला सांगितलंत तरी चालेल."

"डॉक्टर सांगतील," तो तितक्याच सपाट आवाजात म्हणाला आणि कागदी चादर बदलायला लागला. तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मग त्याच क्षणी भाजीवाली आठवली, आणि तिला स्वतःचाही राग आला, आणि दोन्ही राग एकदम घेऊन ती बसमध्ये बसली.

रिपोर्ट दोन दिवसांत मिळणार होता. मिळाला नाही. फोन केला तर आधी बराच वेळ संगीत, मग एक बाई, "नंबर सांगा." नंबर सांगितला. "असा नंबर दिसत नाही." दुसऱ्या दिवशी दुसरी बाई, तिला नंबर दिसला पण रिपोर्ट दिसला नाही. तिसऱ्या दिवशी एक पुरुष म्हणाला की तुम्ही चुकीच्या विभागाला फोन केलात, आणि बरोबर विभागाचा म्हणून जो नंबर दिला तो त्याचाच निघाला. आठव्या दिवशी फोटोताई पुन्हा बसमध्ये. चार खिडक्या फिरली. चौथ्या खिडकीवर पाटी होती: 'जेवणाची वेळ'. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.

इतकी वर्षं कोऱ्या ठेवलेल्या तिच्या चेहऱ्याचं त्या खिडकीपुढे पाणी पाणी झालं. हजार माणसं येत-जात होती. कुणी थांबलं नाही. तिला हवं होतं तेच तर हे, मग आता का रडू येतंय, म्हणून तिला आणखी चीड आली.

"अगं, तू इथे कशी?"

पाठीमागे गणिताचे सर. एका डोळ्यावर पट्टी, बोटांत चिठ्ठी. मोतीबिंदू काढून घेऊन तपासणीला आले होते.

दुसऱ्या कुणालाही तिने थाप मारली असती. पण एका डोळ्याने इतकं रोखून बघणाऱ्या माणसापुढे तिला थाप सुचेना. इस्पितळाच्या उपाहारगृहात पाणचट चहा पुढ्यात घेऊन तिने सगळं सांगितलं. नोकरी, फोटो, डाग, नंबर दोनशे चौदा.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी कुणाला सांगणार नाही," ते म्हणाले. "मला ठाऊक आहे ते काय असतं."

"शब्द द्या, सर."

"दिला."

आणि सरांनी शब्द पाळलाही, त्यांच्या हिशेबाने. त्यांनी फक्त दोघांना सांगितलं. एक डॉक्टरांना, कारण डॉक्टरांना सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. आणि दुसरं बायकोला, कारण बायकोपासून काही लपवायचं नाही असा त्यांचा संसाराचा नियम.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस पाच पाकिटं घेऊन टपाल कचेरीच्या जाळीशी गेला आणि फोटोताईच्या नवऱ्याला म्हणाला, "धीर धरा हं भाऊ. आजकाल खूप औषधं निघालीत."

"कशावर?" नवऱ्याने विचारलं.

माणसाची पाकिटं हातातच राहिली.

नवरा जाळी बंद करून, नोकरीत पहिल्यांदाच रजेचा अर्ज न देता घरी आला. फोटोताई स्वयंपाकघरात होती. ओट्यावर तीन डबे होते, तिघींनी तीन घरांतून आणून दिलेले, तिन्हींत सूप. चौथा घेऊन शेजारच्या काकू उभ्याच होत्या आणि त्यांच्या एका मावसबहिणीला अगदी असाच डाग निघाला होता ती हकिगत सांगत होत्या.

"मग कशी आहे आता मावसबहीण?" फोटोताईने विचारलं.

काकूंनी वर आढ्याकडे पाहिलं.

"काकू," नवरा म्हणाला, "तुम्ही या आता."

काकू गेल्यावर त्याने ओट्यावरचे डबे बाजूला सारले. मग म्हणाला, "मला तिकीट चिकटवताना कळलं."

"मी सांगणारच होते."

"कधी? इस्पितळात दाखल झाल्यावर, का तिथं नोकरीला लागल्यावर?"

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"घाबरलो असतो!" तो ओरडला. बावीस वर्षांत तो ओरडल्याचं तिला आठवत नव्हतं. "तुझ्याबरोबर बसून घाबरलो असतो! तेवढाही हक्क नाही का मला?"

भिंतीपलीकडे काकूंच्या घरात भांडं पडलं. मग फोटोताई भिंतीला तोंड लावून मोठ्याने म्हणाली, "काकू, नोकरीचंही ऐकलंत ना? म्हणजे पुन्हा सांगायला नको!" नवऱ्याला हसू आलं आणि त्याने ते चेहरा धुऊन लपवलं.

सकाळी ती सेंटरवर गेली तेव्हा डॉक्टर तिच्याआधी आलेले होते. ही गोष्ट कधी घडत नसे. ते मागच्या खोलीत, जिथे जुन्या कपाटांपर्यंत पोचायला तुटक्या खुर्च्या ओलांडाव्या लागतात, तिथे गुडघ्यावर बसून खाकी पाकिटं उपसत होते. शर्टाला कोळिष्टकं.

"नोकरीचं मला सांगायला हवं होतंत," ते मान वर न करता म्हणाले. "ते राहू दे. तुम्ही इथे कामाला लागलात ते साल कुठलं?"

तिने सांगितलं.

"तेव्हा तुमच्या आधीच्या बाईंनी तुमचा फोटो काढला होता. कामावर घेताना मी प्रत्येकाचा काढून ठेवतो." आणि त्यांनी एक पाकीट ओढून काढलं, त्यावरची धूळ फुंकली आणि आतली काळी फिल्म खिडकीकडे धरली. "हा बघा. उजवीकडे, हाडाच्या आड. बारीक आहे, पण आहे. लहानपणी कधी लांबलेला ताप, खोकला झाला होता?"

"आई सांगायची. चार वर्षांची असताना. दोन महिने."

"त्याचाच वण. बरा झालेला. बावीस वर्षांपूर्वी होता, आताही आहे. त्यांच्या फोटोशी ताडून बघू, पण तेवढाच असेल तर काही नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी मला विचारलं असतंत तर दहा मिनिटांत..."

फोटोताई एका तुटक्या खुर्चीवर बसली. तिने फिल्म हातात घेऊन स्वतःच उजेडाकडे धरली. आणि मग राग वर येऊ लागला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हा डाग तुम्ही तेव्हा पाहिला होतात?"

"पाहिला होता की."

"मग मला सांगितलं का नाही?"

डॉक्टरांनी खरोखर आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं. "त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. आणि तुम्ही विचारलं नाहीत."

बाहेर बाकावर सहा माणसं बसली होती. ते सहाही जण अजून सांगतात की फोटोताईचा आवाज एवढा मोठा आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. माणसाच्या शरीरात काय आहे ते त्याचं त्याला सांगायला सोमवार-गुरुवार लागतो का? काही नसलं तर 'काही नाही' हे सांगायचं नसतं का? अकरा रात्री तिने छताकडे बघत काढल्या. या शहरातली माणसं बावीस वर्षं तिचं तोंड बघत काढताहेत, ती काय हौस म्हणून? डॉक्टर दोनदा "अहो ताई" म्हणाले आणि तिसऱ्यांदा म्हणायचं त्यांनी सोडून दिलं.

मोठ्या इस्पितळाचा रिपोर्ट एकोणिसाव्या दिवशी आला. जुना, निवलेला वण, असंच त्यात होतं. त्यावर नाव भलत्याच बाईचं होतं, ते दुरुस्त करून घ्यायला आणखी तीन फोन लागले. नोकरी अजून तिचीच होती, पण दरम्यान आधीच्या तपासणीची मुदत उलटून गेल्यामुळे सगळी तपासणी नव्याने, फोटोपासून, करायची होती. तिने तो निरोप दोनदा वाचला. नवऱ्याने विचारलं, जाणार आहेस का? जायचं असेल तर मी बदली मागतो, असंही तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. आठवडाभर ती तो निरोप रोज उघडून बघत होती. फुटपाथवरची ती दोन केळी तिला खरंच हवीहवीशी वाटत होती. मग एका सकाळी तिने "येऊ शकत नाही" असं लिहून पाठवून दिलं.

शहराने याचा अर्थ लावला की ताई आपल्यासाठी थांबल्या. वाचनालयाच्या चिटणिसांनी छोटा सत्कार ठेवायचं सुचवलं. तिने त्यांना असं काही झापलं की त्यांनी वाचनालयाची तिची थकलेली पुस्तकंही परत मागितली नाहीत.

डॉक्टरांशी मात्र तिने लेखी ठरवून घेतलं. रोज दहा ते बारा ते बाजूच्या खोलीत बसतील, फोटो निघाल्या निघाल्या वाचतील आणि ज्याचा त्याला समोर बसवून सांगतील. काही नसेल तर तेही सांगतील. नाहीतर तिचा राजीनामा टेबलावर. डॉक्टरांनी हात टेकले.

पहिल्या आठवड्यातच त्यांच्या लक्षात आलं की माणसं एका उत्तराने उठत नाहीत. भाजीवाली नवऱ्याच्या मणक्यासाठी आली ती पाऊण तास बसली आणि जाताना आपला कोपर, दिराचा गुडघा आणि शेजारणीची मान यांचीही विचारपूस करून गेली. दुसऱ्या महिन्यात लोक डॉक्टरांना केस कापायच्या दुकानात गाठू लागले. सरांनी तर त्यांना भर चौकात थांबवून, बरगडीचा तडा भरायला लागलेल्या दिवसांचा आलेख कागदावर काढून दाखवला आणि तो बरोबर आहे का ते विचारलं.

परवा बारा वाजता डॉक्टर बाजूच्या खोलीतून बाहेर आले, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "ताई, हे लोक रोज इतकं विचारतात?"

"आज कमी होते," फोटोताई म्हणाली आणि पुढच्याला आत बोलावलं.